ते वाक्य कुणाचं?

शांतवन रणभिसे सरांनी आयुष्यात एक पत्र सोडून बाकी सगळ्या पत्रांना उत्तरं लिहिली. पुतण्याच्या पत्राला, पुण्याच्या पुस्तकवाल्याच्या छापील यादीला, इतकंच काय, एकदा पोस्टमनने दुसऱ्याच रणभिसेंचं पत्र टाकलं, तर त्यालाही 'आपले पत्र चुकून आमच्याकडे आले, क्षमस्व' असं सुवाच्य अक्षरात कळवलं. चूक पोस्टमनची आणि क्षमा मागणार हे. माणूसच तसा होता. रस्त्यात कुणाचा धक्का लागला तरी आधी यांचाच हात कपाळाला जायचा.

उत्तर न दिलेलं ते पत्र दौंडहून आलं होतं. निळं आंतर्देशीय, आत जेमतेम सहा ओळी. तेवीस वर्षं झाली तरी सरांना त्या पाठ होत्या.

'सर, सलाम. मंडळीचं पत्र मिळालं. अक्षर तुमचं, ते लगेच ओळखलं. मधलं एक वाक्य, शुभ्र वस्त्रावरच्या डागाचं, ते कुणाचं? पंचांचं असेल तर माझं काही म्हणणं नाही. तुमचं असेल तर तेवढं कळवा. सुवर्णा.'

एवढंच. शिवी नाही, शाप नाही. असता तर बरं झालं असतं, असं सरांना कितीदा वाटलं होतं.

शिरूरला घोड नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत एक लहानसं चर्च आहे. चर्चच्या सभासदांना मंडळी म्हणतात; सर त्या मंडळीचे चिटणीस होते. शाळेत मराठी शिकवायचे, रविवारी सकाळी मुलांचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घ्यायचे आणि पंचांची बैठक झाली की इतिवृत्त लिहायचे. त्यांच्या अक्षराचं मंडळीला कौतुक. सुवर्णा त्या रविवारच्या वर्गातली. निबंधाची वही घेऊन घरी यायची, सर लाल शाईने खुणा करायचे आणि एकच गोष्ट घोकून घ्यायचे, "जे वाक्य माणसाच्या तोंडावर म्हणता येत नाही, ते कागदावर लिहायचं नाही." पोरीने ते पक्कं धरलं. सरांनी सोडलं.

झालं असं. सुवर्णा शिकून दौंडला दवाखान्यात नोकरीला लागली. तिथे राहू गावच्या सम्राटशी तिचं जमलं. तो बौद्ध घरातला, रेल्वेत कामाला. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं आणि सहाव्या महिन्यात मूल झालं. मग काय विचारता! शिरूरच्या गल्लीत लोकांनी बोटांवर महिने मोजले. पंच बसले. थोरले पंच हौसराव म्हणाले, "लिवा मास्तर, मंडळीसमोर उभी राहून कबुली दीपर्यंत सुवर्णाला प्रभुभोजन बंद." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सरांच्या मनात आलं होतं की म्हणावं, अहो, पोर आपली आहे, आधी जाऊन भेटू तरी. पण सरांचे शब्द नेहमी घशापर्यंत यायचे आणि तिथेच मुक्काम करायचे. गप्प बसले.

बरं, गप्प बसले तेही एकवेळ चाललं असतं. घरी येऊन पत्र लिहायला बसले आणि हौसरावांचं ते ओबडधोबड वाक्य त्यांना रुचेना. म्हणून त्यांनी ते घासलं, पुसलं आणि मध्ये पदरचं एक वाक्य घातलं: 'सदर भगिनीच्या वर्तनाने मंडळीच्या शुभ्र वस्त्रावर जो डाग पडला आहे, तो पश्चात्तापाच्या अश्रूंनीच धुतला जाईल.' कुणी सांगितलं नव्हतं. वाक्याला लय आली म्हणून घातलं. पाकीट बंद करताना त्यांना थोडा अभिमानही वाटला होता, आणि तेवीस वर्षं त्यांना खायला उठत होता तो हाच अभिमान.

सुवर्णाचं पत्र आल्यावर सरांनी चिटणीसपद सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस सगळ्यांना वाटतात. टेबलावर पांढरं कापड अंथरलं की सरांना खोकला यायचा. रुमाल तोंडाला लावून ते मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि चिंचेखाली उभे राहायचे. शेवटचं गीत सुरू झालं की आत. तिला बंद केलं, मग आपण कुठल्या तोंडाने हात पुढे करायचा? लोक म्हणायचे, रणभिसे सर फार नम्र माणूस, छाती अधू आहे बिचाऱ्यांची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सरांच्या मनात तर बारमाही पौर्णिमा होती.

यंदा मंडळीला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले, सुदर्शन पारधे. वय पस्तिशीचं. सहा महिने त्यांनी हा खोकला पाहिला आणि ऑक्टोबरातल्या एका दुपारी घरी आले. सरांच्या पत्नी झुंबरबाई कांदे निवडत ओसरीत बसल्या होत्या.

"बसा पाळकसाहेब. च्या टाकते. सर आत हायेत, पुस्तकात शिरल्यात. हाक मारून भाईर काढावं लागतंय."

सर बाहेर आले, खुर्चीच्या कडेला टेकले. पारधे म्हणाले, "सर, एक विचारू? तुमचा खोकला महिन्यातून एकदाच कसा येतो?"

सरांचा चेहरा उतरला. झुंबरबाई फिस्सकन हसल्या. "आवो, तेवीस वर्सं झाली त्याला. डॉक्टरला बी न्हाई सापडला."

"झुंबर!" सर म्हणाले.

"झुंबर काय झुंबर? थांबा." त्या उठल्या, आत गेल्या. ट्रंकेची कडी वाजली. परत आल्या तेव्हा हातात निळं आंतर्देशीय होतं.

सर खुर्चीतून अर्धे उठले. ते पत्र त्यांनी एका जाड शब्दकोशात लपवलं होतं आणि दहा वर्षांपूर्वी ते तिथून गायब झालं, तेव्हा कसरीने खाल्लं असेल अशी स्वतःची समजूत घातली होती.

"पुस्तकं उन्हात घातली तवा सापडलं," झुंबरबाई म्हणाल्या. "म्हनलं, कवातरी आपनहून सांगतील. वाट बघितली. आता मला बी सत्तरी लागली, किती बघायची?"

पारधेंनी पत्र वाचलं आणि घडी घालून सरांच्या गुडघ्यावर ठेवलं. सर त्या घडीकडे बघत राहिले आणि मग एवढ्या हळू म्हणाले की झुंबरबाईंना वाकावं लागलं, "माझं होतं ते वाक्य."

"मला ठावं हाय."

"तुला? कसं?"

"कसं म्हंजी? पंचांतल्या कुनाला असलं लिवता येत हुतं? हौसरावाला सवताचं नाव लिवायचं तर अंगाला पानी सुटायचं. तिला बी ठावं असनार. इचारलं ते तुम्ही सांगावं म्हनून."

पारधे हसले. "सर, बागेत झाडाआड लपलेल्या माणसाला देवानेही विचारलं होतं, आदामा, तू कुठे आहेस? त्याला काय दिसत नव्हतं? झाड ते केवढं आणि माणूस तो केवढा."

"पण साहेब, मी..." सरांनी पत्राची घडी मुठीत धरली. "मी तिच्यापुढे कसा जाणार? आणि टेबलापुढे तरी? चूक असती तर मागितली असती क्षमा. मला वाटतं, मी मुळात तसलाच माणूस आहे. सुंदर अक्षरात कुणाचंही वाईट लिहून देईन असा."

"हेच बघा," पारधे म्हणाले. "चूक झाली तर माणूस म्हणतो, मी हे केलं. लाज म्हणते, मी म्हणजेच हे. केलेलं पुढे नेऊन दाखवता येतं. पण स्वतःच डाग आहोत असं ठरवलं की लपण्यावाचून काय उरतं? तुम्ही तिच्यासाठी लिहिलेलं वाक्य स्वतःलाच लावून घेतलंत, सर. तेही खरं नव्हतं, हेही नाही." चहाचा कप खाली ठेवत ते पुढे म्हणाले, "प्रभूला पकडलं त्या रात्री त्याच्याच शिष्याने, पेत्राने, शेकोटीपाशी उभं राहून तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. मग तोंड लपवून मासे धरायला गेला. किनाऱ्यावर येऊन बघतो तर प्रभूने विस्तव करून ठेवलेला, वर मासळी, भाकर. आणि काय म्हणाला? आधी न्याहारी करा. जाब नाही. प्रश्न विचारला, पण खाऊन झाल्यावर."

सरांनी ती गोष्ट मुलांना पन्नास वेळा शिकवली होती. न्याहारी आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम त्यांच्या कधी ध्यानातच आला नव्हता. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचं असंच असतं; दुसऱ्याच्या ओळीखाली रेघ मारतो आणि आपल्या ओळीवरून नजर घसरते.

दिवाळीनंतर दौंडच्या मंडळीचा हंगामाचा सण होता. शेतात पिकलेलं पहिलं देवापुढे आणायचं, उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा आणि दुपारी सगळ्यांनी मिळून जेवायचं. शिरूरच्या मंडळीला निमंत्रण होतं. झुंबरबाईंनी सरांना विचारलं नाही. इस्त्रीचा सदरा काढून खाटेवर ठेवला.

"मला खोकला..." सर म्हणाले.

"घ्या बरुबर. जीपमदी जागा हाय."

न्हावऱ्याला झुंबरबाईंच्या माहेरची माणसं दुधाचे कॅन उतरवताना दिसली, त्यांना हात करून झाला. पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जीप भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याला लागली. सर्वांनी गीतं म्हटली. सर खिडकीतून बाहेर बघत होते. सुवर्णा तिथे असेल का? असेलच. नसली तर बरं. नसली तर मात्र... पुढचं त्यांना सुचेना.

दौंडचं चर्च आत फुलून गेलं होतं. वेदीपाशी बाजरीची कणसं, कांद्यांची गोण, भोपळे, उसाच्या मोळ्या आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी लोकांच्या आधी 'आमेन' दिल्यासारखा ओरडत होता. सर सवयीने शेवटच्या बाकावर गेले आणि भिंतीकडच्या टोकाला बसले. झुंबरबाई वाटेच्या टोकाला बसल्या. त्यात काही डाव असेल असं सरांना वाटलं नाही. माणूस भोळा.

उपदेश झाला, गीत झालं आणि दोन बायांनी पुढचं टेबल आणि कठडा पांढऱ्या कापडाने झाकला. सरांना घशात खवखवलं. ते उठले. वाटेत झुंबरबाई भरल्या पोत्यासारख्या बसलेल्या.

"सरक जरा."

"कुठं?"

"बाहेर. खोकला."

"हितं खोका. देवाला चालतंय."

बाकामागून बाक उठत होते. यांच्या बाकाची पाळी आली. झुंबरबाई उभ्या राहिल्या, त्यांनी सरांचा हात धरला आणि कानाशी म्हणाल्या, "चला, न्याहारी गार व्हईल."

सर चालू लागले ते स्वतःच्या पायांनी की बायकोच्या ओढीने, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कठड्यापाशी गुडघे टेकले. पाळकांनी तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. तेवीस वर्षांनी! तुकडा चिमूटभरच, पण हात त्याच्या भाराने खाली गेला. मागोमाग द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा थाळा आला. थाळा धरणाऱ्या हातात काळ्या पट्ट्याचं घड्याळ, पांढरी साडी, कानांमागे पिकलेले केस. सरांनी मान वर केली.

सुवर्णा. दौंडच्या मंडळीची पंच.

तिने ओळखलं. थाळा तसूभरही हलला नाही. बाकीच्यांना देताना म्हणायची तेच शब्द ती म्हणाली, फक्त सुरुवातीला नाव घातलं, "शांतवन सर, हे तुमच्यासाठी."

सरांनी पेला उचलला आणि तोंडापर्यंत जायच्या आतच हात थरथरला. अर्धा रस कठड्यावरच्या शुभ्र कापडावर सांडला. जांभळा डाग पसरत गेला. सरांना वाटलं, पृथ्वी दुभंगावी. शेजारच्या बाईने 'अगं बाई' केलं. सुवर्णा वाकली आणि हलकेच म्हणाली, "राहू द्या सर. दर महिन्याला कुणाचा तरी सांडतो. मीच धुते. प्या ना, राहिलाय अजून."

सरांनी राहिलेला रस प्यायला. डोळे पुसले ते मात्र लपवले नाहीत. लपवायला आता रुमालच हाताशी नव्हता. तो झुंबरबाईंनी आपल्या पिशवीत टाकला होता.

बाहेर मांडवात लिलाव रंगला होता. हाकारा करायला उभा होता सम्राट, सुवर्णाचा नवरा. तो प्रार्थनेला आत येत नसे. पण हंगामाचा लिलाव त्याच्याशिवाय कुणाला जमत नसे.

"बघा मंडळी, भोपळा बघा! आमच्या राहूचा हाय, खोटं बोलायचा न्हाई! मामा, तुम्ही हात वर केला का डोकं खाजवलं? डोकं? मग खाली घ्या, न्हाईतर घरी भोपळा जाईल!"

मांडव खदखदून हसत होता. एका लिंबावर दोन साडूंची चुरस लागली होती आणि कोंबड्याचा दोर सुटून तो स्वयंपाकाच्या चुलींकडे पळाला, तेव्हा सम्राट ओरडला, "आरं धरा त्याला! स्वतःच निघालाय की रं चुलीकडं!"

सर बाजूच्या खुर्चीत बसले होते. सुवर्णा चहा घेऊन आली, सोबत तिची मुलगी प्रांजल. जिचे महिने लोकांनी बोटांवर मोजले, ती ही. आता नोकरीला लागलेली, उंच, हसऱ्या डोळ्यांची.

"सर, ओळखलंत ना?"

"ओळखलं." सरांनी कप हातात घेतला. "सुवर्णा, मी... तुझं पत्र..."

"मिळालं होतं ना?"

"मिळालं होतं. मी... ते..."

सुवर्णाने हात वर केला.

"तोंडी नको, सर. तोंडी तुम्ही अर्धं गिळता. वर्गातही गिळायचात. ते माझ्याकडे कागदावर आलं होतं, उत्तरही कागदावर येऊ द्या. तुमच्याच अक्षरात."

"व्हॉट्सॲप केलं तर?" प्रांजल म्हणाली.

"गप गं. पोस्टानं. आमच्या गल्लीत पोस्टमन येतो अजून." मग सुवर्णा खाली बसली. "तीन वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही, सर. खोटं कशाला सांगू. मग इथले म्हातारे पाळक घरी आले. मी म्हटलं, शिरूरने मला बंद केलंय. ते म्हणाले, रविवारी जेवायला ये, बंद-चालू नंतर बघू." ती हसली. "आता माझं छान आहे. पण उत्तराची वाट मी बघतेच आहे. ते वेगळं."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये झुंबरबाईंच्या मांडीवर भोपळा होता. सरही गीतात सूर मिसळत होते, चुकीच्या पट्टीत. पण कुणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सर लिहायला बसले. पहिलं उत्तर चार पानी झालं. त्यात क्षमेवर एक परिच्छेद, काळावर एक, शब्दांच्या सामर्थ्यावर दीड. झुंबरबाईंना वाचून दाखवलं. त्या मेथी निवडत ऐकत होत्या.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पर यात तुम्ही कुठं हायसा?"

सरांनी पानं फाडली. दुसऱ्यात हौसराव फार आले. तिसऱ्यात त्यांनी स्वतःला इतकं झोडपलं की वाचणाऱ्याने उलट यांचीच समजूत काढावी. चौथं बरं झालं होतं. पण त्यात एक वाक्य असं गोंडस उतरलं की सरांनी ते दोनदा वाचलं, दचकले आणि तेही फाडलं. आठवडा गेला. हातही आता पूर्वीचा राहिला नव्हता. 'श' ची गाठ सुटायची, काना वाकडा जायचा. एवढं वाईट अक्षर पाठवायचं? तिने तर अक्षर मागितलंय.

मध्ये डिसेंबरचा पहिला रविवार आला. शिरूरच्या चर्चमध्ये पांढरं कापड अंथरलं गेलं. घसा खवखवला. सर एकदा खोकले आणि बसून राहिले. मागच्या दाराशी बसणाऱ्या म्हातारबाबांनी सवयीने दार उघडून धरलं होतं. त्यांनी वाट पाहिली आणि लावून घेतलं. सर बाकाबरोबर उठले, कठड्यापाशी गेले, हात पुढे केला. पेला हातात थरथरला. या खेपेला सांडला नाही. सांडला असता तरी चाललं असतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर, त्यांनी एका बैठकीत लिहिलं.

'चि. सुवर्णा, सलाम.

ते वाक्य पंचांचं नव्हतं. माझं होतं. मला ते घालायला कुणी सांगितलं नव्हतं. वाक्य छान दिसतं म्हणून घातलं. तुझ्या तोंडावर मी ते कधी म्हणू शकलो नसतो.

ते खरंही नव्हतं. तुझ्यामुळे डाग पडला नव्हता.

उत्तराला तेवीस वर्षं लागली, कारण लाज वाटत होती. तू दिलेला पेला प्यायल्यावर लिहिता आलं. मला क्षमा कर. या पत्राची नक्कल पारधे पाळकांना देतो आहे. ती मंडळीतही वाचून दाखवावी, असं मी त्यांना सांगणार आहे.

हात कापतो. अक्षर बिघडलं आहे, तेवढं चालवून घे.

शांतवन रणभिसे'

झुंबरबाईंनी ऐकलं. मेथीची जुडी तशीच हातात राहिली. "आता हायसा," त्या म्हणाल्या.

दोघं मिळून पोस्टात गेले. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, रजिस्टर करायचं का? उशीर नको व्हायला."

"साधंच द्या," सर म्हणाले. "उशीर काय व्हायचा तो झालाय."

तिकीट चिकटवलं. पत्ता परत एकदा वाचला. बाहेरच्या लाल पेटीपाशी आल्यावर सरांना वाटलं, 'चालवून घे' ऐवजी 'सांभाळून घे' बरं झालं असतं का? पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर. झुंबरबाईंनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मास्तर, यष्टीच्या रांगेगत लोकं मागं उभी हायेत."

सरांनी मागे पाहिलं. एक बाई खरंच वाट बघत उभी होती. "क्षमस्व," ते सवयीने म्हणाले आणि पाकीट आत सोडलं.